मोत्याच्या पाण्याचा हिशेब

कुत्रा सारखा पाणी पितोय, पोट सुटलंय, बसल्या जागी धापा टाकतोय... 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नका. कुशिंग्ज नावाची भानगड असू शकते. आणि तिची निम्मी ट्रीटमेंट डॉक्टरांच्या टेबलावर नाही, घरच्या वहीत होते!

रविवारी सकाळी यवतमाळहून फोन येतो. पाऊसपाणी, शेजारचं लग्न, कापसाचा भाव असं सगळं बोलून होतं आणि मग आई सहज सांगते, ''अन् हा मोत्या पाह्य ना बेटा, दिवसभर पाणीच पेत राह्यते. रातच्यानं दोनदा उठवते मले. म्हातारा झाला बिचारा.'' तुम्ही हिंजवडीच्या फ्लॅटमध्ये चहाचा घोट घेत 'हं' म्हणता आणि विषय बदलतो.

मोत्या खरं तर तुमचा. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी हट्टानं आणलेला लॅब. मग नोकरी लागली, पुण्यातल्या घरमालकानं 'नो पेट्स' म्हणून हात वर केले आणि मोत्या आई-बाबांचा झाला. विदर्भातल्या कितीतरी घरांची हीच स्टोरी आहे. मुलं पुण्या-मुंबईत नाहीतर बंगळुरूत, आणि कुत्रा यवतमाळला, पुसदला, वणीला. हौसेनं आणलेली ती पिल्लं आता नऊ, दहा, अकरा वर्षांची झालीत. कुशिंग्ज गाठतो तो नेमका याच वयात.

सगळं खापर वयावर

या आजाराची गंमत (गंमत कसली, चीड येते!) अशी की त्याची सगळी लक्षणं म्हातारपणाच्या पांघरुणात लपतात. कुत्रा पाणी जास्त पितो. साहजिकच लघवी जास्त होते, आणि दहा वर्षं घरात एकदाही न चुकलेला शहाणा कुत्रा अचानक बैठकीच्या खोलीत करून ठेवतो. पूर्वी एका उडीत सोफ्यावर चढायचा, आता पुढचे पाय टेकवून तुमच्याकडे बघत बसतो. पाठीचे, मांड्यांचे स्नायू झिजतात आणि पोट मात्र माठासारखं गोल होत जातं. दोन्ही कुशींवरचे केस सारख्याच प्रमाणात विरळ होतात. कातडी कागदासारखी पातळ होते, जखमा लवकर भरत नाहीत, त्वचेची नाहीतर लघवीची इन्फेक्शन्स पुन्हा पुन्हा उलटतात. थंडीच्या दिवसांतही धापा चालूच.

आणि भूक? भूक जबरदस्त! इथेच सगळे फसतात. आजारी कुत्रा म्हणजे न जेवणारा कुत्रा, हे आपलं घरगुती गणित. हा तर ताट चाटूनपुसून साफ करतो, ओट्यावरची पोळी पळवतो, कचऱ्याची बादली उलटी करतो. मग कशाला कोणी डॉक्टरकडे नेईल? उलट पाहुणे कौतुक करतात, 'वा, तब्येत छान आहे हो तुमच्या मोत्याची!'

सगळ्यात वाईट भाग पुढचा. घरात लघवी केली म्हणून मोत्याला ओरडा बसतो आणि संध्याकाळी सातनंतर पाण्याचं भांडं उचलून ठेवलं जातं. प्लीज, हे करू नका. या आजारात कुत्रा जास्त पाणी पितो म्हणून जास्त लघवी होते असं नाही. शरीर लघवी घट्ट करू शकत नाही, ती वाहून जाते, आणि ती तूट भरायला त्याला प्यावं लागतं. भांडं उचललंत तर लघवी थांबणार नाही, कुत्रा मात्र कोरडा पडेल.

हेड ऑफिसचा घोळ

आता आत काय बिघडतं ते बघू. दोन्ही किडन्यांच्या शेजारी अॅड्रिनल नावाच्या दोन छोट्या ग्रंथी असतात. त्या कॉर्टिसॉल बनवतात. संकटाच्या वेळी शरीराला उभं ठेवणारं हे हार्मोन. किती बनवायचं याची ऑर्डर मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीकडून एसीटीएच या हार्मोनच्या रूपात येते. तुमच्या ऑफिसातल्यासारखंच! हेड ऑफिसनं मेल टाकायचा, ब्रँचनं माल काढायचा, माल पुरेसा झाला की हेड ऑफिसनं गप्प बसायचं.

कुशिंग्जमध्ये हे गप्प बसणं थांबतं. साधारण ८० ते ८५ टक्के कुत्र्यांत पिट्युटरीवर छोटीशी, बहुतेकदा कॅन्सर नसलेली गाठ येते आणि ती मेलवर मेल टाकत सुटते. उरलेल्यांत ब्रँचच बंड करते, म्हणजे अॅड्रिनलवरच गाठ असते. दोन्हीकडे निकाल एकच, रक्तात चोवीस तास जास्तीचं कॉर्टिसॉल.

नाव हार्वे कुशिंग या अमेरिकन न्यूरोसर्जनचं. माणसांतला हा आजार त्यांनी १९१२ मध्ये मांडला आणि १९३२ मध्ये त्याचा धागा पिट्युटरीशी जोडला. या गृहस्थांना १९२६ मध्ये चरित्रलेखनासाठी पुलित्झरही मिळालंय, हे जाता जाता. माणसांत हा आजार दुर्मीळ. कुत्र्यांत मात्र उतारवयातल्या हार्मोनच्या आजारांत तो नेहमी भेटणारा. डॅशहुंड, पूडल, बीगल, बॉक्सर यांच्यात जरा जास्त दिसतो, पण लॅब काय, पॉमेरियन काय, गावठी काय, सूट कुणालाच नाही.

आधी ती ट्यूब दाखवा

टेस्टच्या मागे धावण्याआधी घरात एक झडती घ्या. कारण कुशिंग्जचा आणखी एक प्रकार आहे आणि तो आपणच तयार करतो!

पावसाळ्यात गोचीड, खाज, कानाचं इन्फेक्शन हे ठरलेलं. अशा वेळी एक इंजेक्शन दिलं की दुसऱ्या दिवशी खाज गायब. सगळे खूश. पुढच्या महिन्यात परत खाज, परत इंजेक्शन. मधल्या काळात मेडिकलवाल्यानं दिलेल्या 'त्या छोट्या पांढऱ्या गोळ्या', आणि बाबांच्या गजकर्णासाठी आणलेली ट्यूब मोत्यालाही. हे बहुतेकदा स्टेरॉइड असतं, म्हणजे बाहेरून दिलेला कॉर्टिसॉलचा भाऊ. कातडीवर लावलेलं मलम कुत्रा चाटतो, तेव्हा तेही पोटात जातं. महिनोन्महिने हे चाललं की वर सांगितलेली सगळीच्या सगळी लक्षणं दिसतात आणि अॅड्रिनल ग्रंथी मात्र आतून सुस्तावलेल्या असतात. काम दुसराच करतोय म्हटल्यावर त्या कशाला करतील?

अशा कुत्र्याला कुशिंग्जचं औषध द्यायचं नसतं. डॉक्टरांच्या सल्ल्यानं ते स्टेरॉइड हळूहळू कमी करत थांबवायचं असतं. 'हळूहळू' हा शब्द अधोरेखित करा. घाबरून एका दिवसात बंद केलं तर सुस्तावलेल्या ग्रंथी ऐनवेळी साथ देत नाहीत आणि कुत्रा कोसळू शकतो. म्हणून डॉक्टरकडे जाताना गेल्या वर्षभरातल्या सगळ्या गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या, ट्यूबा, कानाचे ड्रॉप्स एका पिशवीत भरून न्या. लाजू नका. ती पिशवी कुठल्याही रिपोर्टपेक्षा जास्त बोलते.

एक दिवस नागपूरचा

यवतमाळ जिल्ह्यातली पशुवैद्यकीय व्यवस्था मुळात ढोरांसाठी उभी राहिली, आणि ते बरोबरच आहे. पोळ्याच्या या मुलखात बैल आजारी पडला तर घराचं वर्ष बिघडतं. तेव्हा गावातल्या डॉक्टरांनी हार्मोनच्या टेस्टसाठी मोठ्या ठिकाणी जायला सांगितलं तर नाक मुरडू नका. पहिली पायरी मात्र गावातच होते. साधं ब्लड टेस्टिंग, लिव्हरचं एएलपी नावाचं एन्झाइम (कुशिंग्जमध्ये ते बहुतेकदा चांगलंच चढलेलं असतं), शुगर, किडनी आणि लघवी. कारण जास्त पाणी पिण्यामागे डायबेटिस असू शकतो, किडनी असू शकते, आणि मादी असेल तर गर्भाशयातला पू असू शकतो. हा शेवटचा तर जिवावरचा मामला, त्यात वाट बघायचीच नसते.

एक टेस्ट घरबसल्या अर्धी होते. सकाळची पहिली लघवी स्वच्छ डबीत धरायची आणि लॅबनं त्यातलं कॉर्टिसॉल आणि क्रिएटिनिन यांचं प्रमाण काढायचं. काठीला वाटी बांधून मोत्याच्या मागे फिरणारे बाबा हा कॉलनीचा फुकट करमणुकीचा कार्यक्रम ठरेल, होऊ द्या! दवाखान्यात जाऊन आल्यावर दोन दिवस तरी जाऊ द्यायचे आणि मग नमुना घ्यायचा, कारण नुसत्या भीतीनंही कॉर्टिसॉल वाढतं. हे प्रमाण नॉर्मल आलं तर कुशिंग्ज असण्याची शक्यता फारच कमी. जास्त आलं म्हणून मात्र कुशिंग्ज आहेच असं नाही. तिथून पुढे नागपूर.

नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ पासूनचं, सेमिनरी हिल्सवर. ते आता महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली येतं. उमरखेड-पुसदकडच्यांना परभणीचं कॉलेज बघता येईल, शिवाय अकोल्यालाही याच विद्यापीठाची पदव्युत्तर संस्था आहे. कुठेही जा, पण निघण्याआधी फोन करून 'ही टेस्ट कोणत्या दिवशी होते, आधी काय द्यायचं, काय नाही' एवढं विचाराच.

डेक्सामेथासोन सप्रेशन ही टेस्ट आठ तासांची. एकदा रक्त काढतात, मग अगदी थोडं डेक्सामेथासोन टोचतात, आणि चार तासांनी व आठ तासांनी परत रक्त काढतात. निरोगी कुत्र्यात हेड ऑफिस हा इशारा ओळखून गप्प बसतं, कुशिंग्जमध्ये नाही. यवतमाळ ते नागपूर साधारण १५० किलोमीटर. पहाटे पाचला निघालात तर कळंब, देवळी, वर्धा करत साडेआठ-नऊपर्यंत पोचाल. पहिलं रक्त नऊला धरलं तर शेवटचं पाचला. रात्री नऊपर्यंत घरी. बाबांनी सुट्टी काढायची की तुम्ही पुण्याहून यायचं, ते आधी ठरवा. अनोळखी जागेत दिवसभर ताणात राहिलेल्या कुत्र्याचा रिपोर्ट चुकू शकतो, त्यामुळे त्याच्या ओळखीचं माणूस आणि त्याची सतरंजी सोबत हवीच.

दुसरी टेस्ट एसीटीएच स्टिम्युलेशन. ती तासाभरात आटपते, पण तिचं इंजेक्शन प्रत्येक दवाखान्यात ठेवलेलं नसतं. सोबत सोनोग्राफीत दोन्ही अॅड्रिनल बघतात. दोन्ही फुगलेल्या असतील तर संशय पिट्युटरीवर, एकच मोठी आणि दुसरी सुकलेली असेल तर गाठ अॅड्रिनलवर. अॅड्रिनलची गाठ असेल तर ऑपरेशनचा विचार होतो. पिट्युटरीचं ऑपरेशनही जगात काही मोजक्या ठिकाणी करतात, पण आपल्या मोत्यासाठी रस्ता बहुतेकदा कॅप्सूलचाच.

हो, कॉर्टिसॉल माणसांच्या लॅबमध्येही मोजतात. पण रिपोर्टवर छापलेली नॉर्मल रेंज माणसाची असते! ती वाचून व्हॉट्सअॅप ग्रुपवर 'ऑल ओके' टाकू नका.

कॅप्सूल, आणि तिचा धाक

पूर्वी या आजारावर मायटोटेन वापरायचे, आजही काही ठिकाणी वापरतात. त्याची जन्मकथा ऐकण्यासारखी आहे. ते डीडीटीच्या कुटुंबातलं रसायन. डीडीडी नावाच्या कीटकनाशकानं कुत्र्यांच्या अॅड्रिनल ग्रंथी झडतात हे १९४९ मध्ये अमेरिकेत लक्षात आलं आणि त्या विषातूनच पुढे औषध निघालं. २०१७ मध्ये कपाशीवरच्या फवारणीनं शेतकरी-मजुरांचे जीव गेलेले पाहिलेल्या यवतमाळला वेगळं सांगायला नको की विष आणि औषध यांच्यात अंतर असतं ते मात्रेचं.

आज जास्त वापर ट्रायलोस्टेनचा. अमेरिकेत कुत्र्यांसाठी त्याला २००८ मध्ये मान्यता मिळाली. ते ग्रंथी जाळत नाही, ग्रंथीत कॉर्टिसॉल तयार होण्याची एक पायरी काही तासांपुरती अडवतं. त्यामुळे ते रोज द्यावं लागतं, दिवसातून एकदा किंवा दोनदा, आणि जेवणासोबतच. रिकाम्या पोटी नीट शोषलं जात नाही. डोस वजनावर आणि डॉक्टरांच्या अंदाजावर. शेजारच्या कुत्र्याचा डोस आपल्याला चालत नाही.

कॅप्सूल उघडून पूड पोळीत कालवायची नाही. घरात कुणी गरोदर असेल, किंवा तुमचं प्लॅनिंग चालू असेल, तर त्या व्यक्तीनं या कॅप्सूलला हात लावू नये. बाकीच्यांनी दिल्यावर हात धुवायचे. ही कॅप्सूल कोपऱ्यावरच्या मेडिकलवर हमखास मिळेल असंही नाही. बऱ्याच घरांत मुलगा किंवा मुलगी शहरातून घेऊन ट्रॅव्हल्सच्या पार्सलनं पाठवते. तेव्हा दोन गोष्टी. पंधरा दिवसांचा साठा शिल्लक असतानाच पुढचा पाठवा. आणि पाकिटावरची ताकद वाचा. १० एमजी, ३० एमजी, ६० एमजी... दिसायला सगळे डबे भाऊ-भाऊ. तीसच्या जागी साठ गेली तर आईला कळायचं काही कारण नाही. एखादा डोस चुकलाच तर पुढच्या वेळी डबल द्यायचा नाही.

धाक कसला, ते आता. कॉर्टिसॉल जास्त असणं वाईट, पण नसणं त्याहून वाईट. डोस जरा जास्त झाला तर कॉर्टिसॉल इतकं खाली जातं की कुत्रा मलूल होतो, उलट्या-जुलाब होतात, पाय लटपटतात, सोडियम घसरतं, पोटॅशियम चढतं, आणि वेळेत लक्ष दिलं नाही तर जीवही जातो. याची पहिली घंटा काय माहितेय? मोत्या जेवत नाही. कालपर्यंत कचऱ्याची बादली उलटी करणारा कुत्रा आज दूध-पोळीकडे पाठ फिरवतो.

म्हणून या आजारात घरानं एकच नियम पाठ करायचा. जेवला नाही तर कॅप्सूल नाही, आणि लगेच डॉक्टरांना फोन. 'आता औषध चुकवलं तर आजार वाढेल' या काळजीनं आई जबरदस्तीनं घशात कॅप्सूल सारते, आणि नेमकं तेच करायचं नसतं. एक-दोन दिवस कॅप्सूल चुकल्यानं कुशिंग्जचं फारसं काही बिघडत नाही. आजारी कुत्र्याला दिलेल्या एका कॅप्सूलनं बिघडू शकतं.

दोनशे पानी वही

मग औषध लागू पडतंय हे कळतं कसं? लॅबमधून थोडं, वहीतून बरंच. मला तर वाटतं, कुशिंग्जच्या कुत्र्याला पहिल्या दिवशी कॅप्सूलच्या पाकिटासोबत एक दोनशे पानी वही द्यायला हवी.

सकाळी लिटरच्या बाटलीनं मोजून पाणी भांड्यात ओतायचं. दिवसभरात जितक्या वेळा ओतलं तितकं लिहायचं, दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेलं मोजून वजा करायचं. कुत्र्यानं दर किलो वजनामागे दिवसाला १०० मिलीच्या वर पाणी पिणं म्हणजे नक्की जास्त. ३० किलोचा मोत्या तीन लिटरच्या वर जात असेल तर काहीतरी गडबड आहे. आठ किलोच्या पॉमेरियनला ८०० मिलीच पुष्कळ झाले. औषध सुरू करण्याआधीचे चार-पाच दिवस मोजून ठेवा, नाहीतर नंतर तुलना कशाशी करणार?

वहीत फार साहित्य नको. 'पाणी ३ लिटर २००. रात्री दोनदा उठला. जेवला. कॅप्सूल ८ वाजता.' बस्स. तीन आठवड्यांनी त्याच वहीत 'पाणी १ लिटर ९००. रात्री झोपला' असं यायला लागलं की आईला कुठल्याही रिपोर्टची गरज उरत नाही. आई रोज त्या पानाचा फोटो पाठवेल, तुम्ही तो ऑफिसात एक्सेल शीटमध्ये भरा. ग्राफ काढायची हौस इथे भागवा! महिन्यातून एकदा त्याच जागी, त्याच बाजूनं उभा करून मोत्याचा एक फोटोही हवा. रोज बघणाऱ्याला पोट उतरलेलं दिसत नाही, फोटोत दिसतं.

यवतमाळच्या वहीत एक अडचण मात्र खास आहे, उन्हाळा. पारा पंचेचाळीसकडे सरकला की निरोगी कुत्राही दुप्पट पाणी पितो आणि दिवसभर धापतो. मग एप्रिलमधले आकडे बघून 'आजार वाढला, डोस वाढवा' असं वाटू शकतं. जानेवारीची तुलना मेशी करू नका. पानाच्या कोपऱ्यात त्या दिवशीचं तापमान लिहून ठेवा, वाढ जर गारव्याच्या दिवसांतही टिकली तरच तिला अर्थ. आणखी एक विदर्भी गोची म्हणजे कूलर. मोत्या गुपचूप कूलरच्या टाकीतून पीत असेल तर आईचा सगळा हिशेब पाण्यात! बाथरूमची बादली, अंगणातलं टाकं, तुळशीखालची ताटली, सगळं झाकून ठेवलं तरच आकडा खरा.

२०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह आटले आणि यवतमाळ शहर टँकरच्या रांगेत उभं राहिलं, ते घरचे विसरलेले नाहीत. चार लिटर पिणारा आणि तेवढीच फरशी धुवायला लावणारा कुत्रा अशा वर्षी घरात किती जड झाला असेल, याचा नुसता अंदाज करा. पाण्याचा आकडा खाली येणं ही मोत्याइतकीच घराचीही सुटका असते.

परत टेस्ट, पण उपाशी नाही

औषध सुरू झालं की पहिली तपासणी दहा ते चौदा दिवसांनी. मग महिन्यानं, मग तीन महिन्यांनी, आणि पुढे साधारण दर तीन महिन्यांनी. डोस बदलला की हे चक्र पुन्हा पहिल्यापासून. पहिल्या तपासणीला बघायचं असतं ते मुख्यतः डोस जास्त तर होत नाहीये ना एवढंच. पाणी अजून जास्त आहे म्हणून लगेच डोस वाढवायचा आग्रह धरू नका, पहिल्या महिनाभरात कॉर्टिसॉल आपोआप आणखी उतरत जातं.

इथे घरचे एक हमखास करतात. 'ब्लड टेस्ट आहे' म्हटलं की मोत्याला सकाळपासून उपाशी ठेवतात. ट्रायलोस्टेनच्या तपासणीत उलटं असतं. नाश्ता द्यायचा, त्यासोबत कॅप्सूल द्यायची, वेळ लिहायची, आणि साधारण चार तासांनी टेस्ट. म्हणजे अकराला नागपुरात टेस्ट असेल तर सातला, वाटेत कुठेतरी गाडी थांबवून, नाश्ता आणि कॅप्सूल. काही डॉक्टर त्याऐवजी कॅप्सूल देण्याआधीचं कॉर्टिसॉल बघतात, तेव्हा मात्र कॅप्सूल खिशात ठेवून जायचं. आपले डॉक्टर कोणती पद्धत वापरतात ते फोनवर आधीच विचारा, नाहीतर तीनशे किलोमीटर फुकट.

रिपोर्ट छान पण वही वाईट, किंवा वही छान पण आकडा जरा वर, असं झालं तर? अनुभवी डॉक्टर आधी कुत्र्याकडे बघतात, मग कागदाकडे. शेवटी ट्रीटमेंट मोत्याची चालू आहे, आकड्याची नाही.

रात्री अकरा वाजता

नागपूरचे डॉक्टर लांब, तुम्ही आणखी लांब, आणि मोत्या उलट्या करतोय. या रात्रीची तयारी दिवसाउजेडी करायची असते. गावातल्या डॉक्टरांना, मग ते रोज गाई-म्हशीच बघत असोत, आधीच भेटून सांगून ठेवा की आमच्या कुत्र्याला ट्रायलोस्टेन चालू आहे. सलाइन, स्टेरॉइडचं इंजेक्शन, प्राथमिक सगळं त्यांच्याकडे असतं. सोडियम-पोटॅशियम तर माणसांच्या लॅबलाही मोजून देता येतं. त्यांना फक्त आपण काय घेतोय हे माहीत हवं. औषधाच्या डब्यावर मोठ्या अक्षरात एक कागद चिकटवा. त्यावर आजाराचं नाव, औषधाचं नाव, डोस, शेवटची टेस्ट कधी झाली, नागपूरच्या डॉक्टरांचा नंबर, आणि खाली 'उलटी, जुलाब, जेवण बंद किंवा मलूल असल्यास कॅप्सूल देऊ नये'. शेजारचे काका धावत आले तरी त्यांना वाचता यावं असं.

किती दिवस, किती पैसे?

कॅप्सूल आयुष्यभर. हे ऐकून घरात शांतता पसरते, ते साहजिक आहे. महिन्याचा औषधाचा खर्च कुत्र्याच्या वजनाप्रमाणे वाढतो, वर तिमाही टेस्ट, गाडीचं पेट्रोल आणि तुमची सुट्टी. सुरू करण्याआधी हा पूर्ण वर्षाचा हिशेब डॉक्टरांसमोर मांडा. अर्ध्यावर सोडण्यापेक्षा आधी बोललेलं बरं. लक्षणं अगदी सौम्य असतील, कुत्रा मजेत असेल, तर काही डॉक्टर नुसतं लक्ष ठेवायला सांगतात. तेरा-चौदा वर्षांच्या कुत्र्यासाठी तो निर्णय पळपुटेपणाचा नसतो. पण रात्री झोप नाही, घरात सतत ओल, इन्फेक्शन मागे लागलेलं, अशी अवस्था असेल तर औषध द्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

औषधावर असलेले कुत्रे निदानानंतर सरासरी दोन ते अडीच वर्षं काढतात, काही बरंच जास्त. आजार मुळात म्हाताऱ्यांचा, त्यामुळे पुष्कळ जण शेवटी जातात ते दुसऱ्याच कशानं. ब्लडप्रेशर, लघवीचं छुपं इन्फेक्शन, डायबेटिस यांच्यावर डॉक्टर सोबत नजर ठेवतातच. काहींमध्ये पिट्युटरीची गाठ वाढत जाते. मग कुत्रा हरवल्यासारखा वागतो, कोपऱ्यात डोकं टेकवून उभा राहतो, गोल गोल फिरतो. असं काही दिसलं तर ते वहीत लिहून थांबू नका, त्याच दिवशी कळवा.

सुधारणेचा क्रम मात्र ठरलेला आहे. आधी पाणी आणि लघवी, काही आठवड्यांत. मग भूक माणसात येते, अंगात जोर येतो. केस सगळ्यात शेवटी, तीन ते सहा महिने घेतात. मधे काही दिवस कातडी आणखी खराब दिसते, कोंडा पडतो, तेव्हा आईला फोनवर धीर द्यायला लागेल. नवे केस कधी कधी आधीपेक्षा मऊ येतात, रंगही थोडा वेगळा असू शकतो. दिवाळीला घरी गेलात आणि दारात जरा निराळ्या रंगाचा मोत्या दिसला तर दचकू नका. आधी सोफ्यावर उडी मारतोय का ते बघा.